जोडीची लुगडी

सोजरबाईच्या पेटीचं झाकण ती वर बसल्याशिवाय लागत नसे. आधी गुडघा टेकवायचा, मग सगळं अंग टाकायचं आणि झाकण खाली गेलं की वाकून कडी अडकवायची. लग्नात माहेरहून आलेली ती पत्र्याची पेटी होती, वर गुलाबाची फुलं रंगवलेली. बसून बसून ती फुलं कधीच पुसली गेली होती. आत एवढी लुगडी होती, पण त्यातलं एकही सोजरला मनापासून आवडत नव्हतं. ही गोष्ट गावातल्या बायांना ठाऊक होती, फक्त सोजरला ठाऊक नव्हती.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या अलीकडे दोन कोसांवर चिंचखेड, आणि तिथं जानराव आणि शालिग्राम या दोघा भावांचं एकत्र घर. थोरल्या जानरावाची बायको सोजर, धाकट्या शालिग्रामची रंगू. घरात सत्ता सासूची, गोमतीबाईची. गोमतीबाईनं तरुणपणी आपल्या जावेशी एका लुगड्याच्या काठावरून असं भांडण केलं होतं की त्यात घराच्या दोन चुली झाल्या. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. धाकटी सून आली त्या दिवशीच तिनं सांगून टाकलं, "या घरात एका चुलीवर दोन रंग चालनार नाहीत."

म्हणून रीत अशी पडली की जानराव कापसाच्या गाड्या घेऊन कारंज्याला गेला की येताना एकाच दुकानातून, एकाच रंगाची, एकाच काठाची दोन लुगडी आणायचा. एक सोजरचं, एक रंगूचं. दुकानदारसुद्धा त्याला पाहिलं की विचारायचा, "जोडीचीच ना?"

सासूनं भांडण टाळायला ही रीत पाडली. भांडण टळलं, पण सोजरचं जळणं मात्र वाढलं. रंग वेगळा असता तर रंगाला दोष देता आला असता. तिला चांगलं आलं, मला रद्दी आलं, असं म्हणून मन मोकळं करता आलं असतं. इथं सूत तेच, रंग तोच, काठ तोच, आणि तरी विहिरीवर बाया म्हणायच्या, "रंगूबाईले काय शोभते वो ते लुगडं." सोजर तिथंच उभी असायची. तेच लुगडं नेसून.

बरं, रंगू काही रूपाची खाण नव्हती. काळीसावळी, अंगानं काटकुळी, दात थोडे पुढं. सोजर तिच्यापेक्षा उजळ होती, नाकीडोळी नीटस होती. पण रंगू लुगडं नेसायची आणि विसरून जायची. सोजरचं तसं नव्हतं. ती चार पावलं चालली की निऱ्या चाचपायची, पदर ओढायची, मागून काठ बरोबर दिसतो का ते मान वळवून पाहायची. आणि कोणी आपल्याकडं पाहतंय का तेही पाहायची. बहुतेक वेळा रंगूकडं पाहत असत.

मग सोजरनं दुसरा उपाय धरला. तिचा भाऊ रिसोडला होता, बऱ्यापैकी शेतीवाला. दर भाऊबीजेला ती त्याला बजावून सांगायची, या वर्षी असंच आण आणि तसंच आण. ते असं आणि तसं कुठून यायचं? रंगू एकदा माहेरहून पिवळं चौकडीचं नेसून आली, बाया वाहवा म्हणाल्या, की सोजरला चौकडीचं हवं. मुलकी पाटलाच्या सुनेनं नागपूरचं करवतकाठी आणलं की सोजरला करवतकाठी हवं. मास्तरणीनं मिलचं फुलाफुलांचं पातळ नेसलं की तेही हवं. आलं की दोनदा नेसायचं. कोणी काही म्हटलं नाही की पेटीत टाकायचं, आणि पेटीवर बसायचं.

त्यात एका दिवाळीच्या आधी रंगूनं भलतंच केलं. आपली सगळी लुगडी उन्हात खाटेवर पसरली आणि दोन ढीग घातले. एक ढीग मोठा, एक अगदी लहान. गोमतीबाई सुपात ज्वारी घेऊन बसली होती, तिनं विचारलं, "हे काय करून राह्यली वो?"

"निवडून राह्यली, आत्याबाई," रंगू म्हणाली. "मले हिर्वंच बरं वाटते. साधं हिर्वं, बोटभर काठाचं. बाकीचे उगीच जागा अडवून बसले."

"बाकीच्याईले काय झालं?"

"झालं काई नाही. पन ते नेसले का दिवसभर याद राह्यते का आपन काहीतरी नेसलं हाय. हिर्वं नेसलं का मी इसरून जातो. माह्यं काम होते."

मोठा ढीग तिनं तांड्यावरच्या धनीबाईला देऊन टाकला. धनीबाई बाया-माणसांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवून देत असे, टाका असा की पाठीला गाठ लागायची नाही. रंगूच्या पेटीत आता मोजकी हिरवी लुगडी राहिली. एक अंगावर, एक वाळत, एक सणाचं आणि वर एखादं. आणि गंमत अशी की त्यानंतर बाया तिला जास्तच नावाजू लागल्या. लांबून शेताच्या धुऱ्यावर हिरवं दिसलं की म्हणायच्या, "थे पाह्य, रंगूबाई चालली."

सोजरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. टाकून द्यायची ऐट तरी केवढी, असं तिला वाटलं. आणि मग तिनं जे केलं ते सांगायला हसू येतं, पण तिला तेव्हा हसू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंगू शेतात गेलेली पाहून तिनं धनीबाईला परसदारी बोलावलं, पायलीभर ज्वारी तिच्या ओच्यात घातली आणि रंगूनं टाकलेला सगळा ढीग परत घेतला. रंगूसमोर ती लुगडी नेसता येईनात, आणि रंगूची म्हणून टाकवेनात. ती पेटीच्या तळाशी गेली. त्या दिवसापासून सोजरला पेटीवर दोनदा बसावं लागायचं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पण घरची रीत जोडीची. रंगूला आता हिरवंच हवं, म्हणून जानराव कारंज्याहून हिरवीच आणू लागला. दोन्ही हिरवी. सोजरला हिरवा रंग खरं तर सोसत नसे. अंगावर आला की तिला आपला चेहरा आजारी वाटे. पण हे तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण रंगूला शोभतं ते आपल्याला शोभत नाही असं तोंडानं म्हणणं तिच्या जिवावर आलं असतं.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्याच्या पुढच्या वैशाखात सोजरच्या एकुलत्या एका पोरीचं, वच्छलाचं लग्न ठरलं. मुलगा रिसोडचा, घर चांगलं. आणि लग्न ठरल्याबरोबर सोजरच्या मनात पहिला विचार आला तो पोटझाकणाचा.

लग्नात नवरदेवाकडून नवरीच्या आईला एक लुगडं येतं. ज्या पोटानं पोर वाढवली ते पोट झाकायला म्हणून त्याला पोटझाकण म्हणतात. भर मांडवात ते तिच्या हातात देतात, तिनं आत जाऊन नेसून यायचं आणि मग पोरीला सासरी वाटे लावायचं. हे लुगडं एकाच बाईला येतं. सोजरनं सासूला मुद्दाम रंगूच्या देखत विचारलं, "आत्याबाई, पोटझाकनही जोडीचं येते का वो?"

"खुळी का काय तू," गोमतीबाई म्हणाली. "माय काय जोडीनं असते? एकलीचंच येते."

रंगूला दोन्ही पोरंच होती. पोरगी नव्हती, आणि आता होण्याची आशाही नव्हती. म्हणजे हे लुगडं रंगूच्या नशिबात कधीच नव्हतं. सोजरनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. रंगूनं हातातलं निवडणं खाली ठेवलं आणि ती गुरांना पाणी पाजायला उठली. त्या दिवशी सोजरला भाकर गोड लागली.

लग्नाच्या आधी नवरदेवाची मावशी सुंदरबाई मुक्कामाला आली. बाई मोकळी, हसतमुख. चहा झाल्यावर ती सोजरजवळ सरकून बसली.

"इहीनबाई, पोटझाकन कसं आनाचं थे इचाराले आली मी. आमच्या घरी पद्धत हाय, मायले तिच्या मनाचंच देतो. रंग सांगा, काठ सांगा. रिसोडात नाही भेटलं तं कारंज्याहून आनू."

आजपर्यंत सोजरला हे कोणी विचारलंच नव्हतं. नवरा आणायचा ते जोडीचं, भाऊ आणायचा ते दुसऱ्या कोणाचं पाहून. ती म्हणाली, "सांगतो ना. सकायी सांगतो."

दुपारी सुंदरबाई जरा लवंडली तेव्हा सोजर पेटी उघडून बसली. एकेक लुगडं काढलं, अंगाला लावलं, भिंतीवरच्या हातभर आरशात पाहिलं. चौकडीचं लावलं तर रंगू आठवली. करवतकाठी लावलं तर पाटलाची सून आठवली. फुलाफुलांचं लावलं तर मास्तरीण आरशात उभी. प्रत्येक लुगड्यात कोणी ना कोणी दुसरीच बाई होती. त्यातून आपल्याला काय हवं हे शोधताना सोजरला घाम फुटला.

वच्छला दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "माय, जांभयं सांग ना. तुह्यं ते जांभयं हाय ना, तसं."

"कोनतं?"

"वेचनीचं वो. तू रोज नेसते ते."

सोजरच्या अंगावर आत्ताही तेच होतं. कापूस वेचायला, शेण सारवायला, घरात वावरायला ती तेच नेसत असे. पेटीत ते कधी गेलंच नाही, दांडीवरच असायचं. विटून त्याचा रंग शिजलेल्या वांग्याच्या सालीसारखा झाला होता आणि गुडघ्यावर ठिगळ होतं.

"हट," सोजर म्हणाली. "चिंधी हाय ते. मांडवात लोक हासतीन."

सकाळी सुंदरबाईची दमणी जुंपली. ती चौकटीत उभी राहून सोजरच्या उत्तराची वाट पाहत होती. तेवढ्यात रंगू डोक्यावर घागर घेऊन अंगणातून गेली. हिरवं लुगडं, बोटभर काठ, ओला पदर खांद्याला चिकटलेला. सुंदरबाईची नजर तिच्यामागं गेली आणि ती सहज म्हणाली, "हे हिर्वं चांगलं दिसते नाई वो?"

"तसंच आना," सोजर म्हणाली. "अस्सच हिर्वं. असाच काठ. फक्त भारीतलं."

रंगू रांजणापाशी थांबली होती. तिनं घागर उतरवता उतरवता सोजरला म्हटलं, "बाई, पन तुमाले हिर्वं तं—"

"मले आवडते," सोजरनं तिला तोडलं. "तुलेच आवडते असं हाय का?"

सुंदरबाई गेली.

लग्नाच्या दिवशी पोटझाकण आलं ते खरंच भारीतलं होतं. सूत झुळझुळीत, काठ बोटभर आणि त्यात जरीची एक बारीक रेघ. मांडवात सगळ्यांसमोर ते सोजरच्या हातात पडलं तेव्हा तिनं आधी विहिणीकडं पाहिलं नाही की जावयाकडं पाहिलं नाही. तिनं रंगूकडं पाहिलं. रंगू दिवाळीचं हिरवं नेसून अक्षतांचं ताट धरून उभी होती. सोजर मनात म्हणाली, बघ. मग आत जाऊन ती नेसून आली.

ती बाहेर आली आणि वऱ्हाडातल्या एका म्हातारीनं मागून तिचा दंड धरला. "अवो रंगूबाई, पानी कोठी हाय प्याचं?" सोजर वळली. म्हातारी म्हणाली, "तुमी होय. पाठीवरून वाटलं रंगूबाई." थोड्या वेळानं वाढप्या ओरडला, "रंगूकाकू, पत्रावळी द्या." सोजरनं पत्रावळी दिल्या आणि दातावर दात धरले. त्यानंतर ती भिंतीला पाठ लावून उभी राहू लागली.

दिवस कलायला आला, आणि वच्छलाला वाटे लावायची वेळ झाली. रंगू आत शिदोरी बांधत होती. बाहेर गाडी जुंपलेली, बैलांच्या पायांनी धूळ उडालेली, बाया रडायच्या तयारीत. पोरीच्या कपाळावरून मुंडावळ्या लोंबत होत्या, शेला नाकापर्यंत ओढलेला आणि डोळे रडून सुजलेले. तिला समोरचं जमिनीलगतचंच तेवढं दिसत होतं. ती एकेकीच्या पाया पडत सोजरपर्यंत आली. वाकली. पायांवर डोकं ठेवलं. उठताना तिनं समोरच्या हिरव्या निऱ्या दोन्ही हातांनी धरल्या आणि हुंदक्यातून विचारलं,

"काकू, माय कोठी हाय?"

सोजरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पोरगी परत म्हणाली, "मायले बोलाव ना वो काकू. गाडी निंगून राह्यली."

"मीच हावो," सोजर म्हणाली. "मीच हावो, माय."

पोरीनं शेला वर सारून पाहिलं आणि गळ्यात पडली. दोघी रडल्या. भोवतीच्या बायांना वाटलं, मायलेकी रडतात तशा रडताहेत. गाडी गेली.

सोजर त्या दिवशी जेवली नाही. तिला पोरीचा राग आला नाही, राग आला रंगूचा. हिनं हिरवं नेसलंच नसतं तर, असं ती मनात घोळत राहिली. माझ्या आयुष्यात एक दिवस माझा एकलीचा होता, तोही हिच्या अंगावरच्या रंगानं खाल्ला. पुढं बरेच दिवस ती रंगूशी कामापुरतं बोलली, तेही भांड्यांकडं पाहून. पण चुलीपुढं बसलं की रंगूच्या जागी पोरीचाच आवाज कानात येई. आणि मग तिला स्वतःला सांगावं लागे की हिरवं मागितलं ते रंगूनं नाही.

पावसाळा तोंडावर आला तशी धनीबाई वाकळींची कामं विचारायला आली. अंगणात बसून म्हणाली, "आहे का काई, मोठ्याबाई? जुनंपानं?"

सोजर उठली आणि तिनं पेटीच ओढत ओसरीवर आणली. कडी काढल्याबरोबर झाकण आपोआप वर आलं. तिनं पहिलं लुगडं हातात घेतलं. हे कोणाच्या अंगावर पाहिलं होतं? रंगूच्या. ते धनीबाईकडं गेलं. दुसरं. हे कोणाच्या? पाटलाच्या सुनेच्या. तेही गेलं. तिसरं मास्तरणीचं. सोजरला कापडाची पारख नव्हती असं नाही, पण त्या दिवशी तिनं सूत पाहिलं नाही आणि नवं-जुनं पाहिलं नाही. फक्त एवढंच विचारलं, हे कोणाच्या अंगावर पाहून घेतलं. नाव आलं की लुगडं गेलं. आणि प्रत्येकाला नाव येतच होतं. कोणतं कोणाचं, हे तिला आपल्या पोरीच्या जन्मवेळेपेक्षाही पक्कं पाठ होतं.

तळाशी रंगूची टाकलेली लुगडी निघाली. धनीबाई हसली. "हे तं म्याच तुमाले देल्ले होते. पायलीभर ज्वारीवर."

रंगू नेमकी चुलीवरचं दूध उतरवून दारात आली होती. तिनं ते लुगड्यांचं बोचकं पाहिलं. सोजरचे हात जागच्या जागी थांबले. आता ही हसेल, गावभर सांगेल, असं तिला वाटलं.

रंगू खाली बसली. बोचक्यातलं पिवळं चौकडीचं काढून तिनं त्याचा काठ अंगठ्यानं चोळला. "हा काठ कमरेले टोचे," ती म्हणाली. "तुमाले टोचला?"

"लय टोचला," सोजर म्हणाली. "चोरून दोनदा नेसून पाह्यलं, तं वळ उठले."

"मंग ठेवलं काहून?"

सोजरनं खोटं बोलायचा विचार केला. मग कंटाळून म्हणाली, "तुह्यं होतं म्हून."

धनीबाईनं दोघींकडं पाहिलं आणि घाईघाईनं गाठोडं बांधायला घेतलं, न जाणो पुन्हा विचार बदलला तर.

पेटीत शेवटी उरलं ते पोटझाकण. ते सवाष्णीचं, शकुनाचं, देता येत नव्हतं. ते तळाशी एकटं पडून राहिलं. जोडीची हिरवी, अंगावरचं एक सोडून, सगळी गेली. आणि बाहेर दांडीवर जांभळं वाळत होतं. सोजरनं त्यालाही सवयीनं तोच प्रश्न केला. हे कोणाच्या अंगावर पाहिलं? उत्तर येईना. ती ओसरीवर बसून आठवत राहिली. मग आठवलं. वच्छला तान्ही होती, रंगूचं लग्न व्हायचं होतं. रिसोडच्या जत्रेत भावाबरोबर ती गेली होती, एका पालात कापडांचा ढीग होता आणि तिनं आपण होऊन त्यात हात घातला होता. काठ नखभर, म्हणजे टोचायचा नाही. सूत मऊ. रंग असा की कपाशीच्या शेतातून आलं तरी मळलेलं दिसायचं नाही, आणि तोंडावर उजेड यायचा. त्या वेळी पाहायला कोणी नव्हतं आणि कोणाचं पाहिलंही नव्हतं. वच्छलानं मायला पाहिलं ते याच लुगड्यात. त्याच्याच ओच्यात ती झोपली होती, त्याच्याच पदराला नाक पुसून मोठी झाली होती.

पुढं दिवाळीच्या तोंडावर जानराव कारंज्याला निघाला तेव्हा सोजर बैलांपाशी जाऊन उभी राहिली.

"यंदा जोडीचं आनू नोका," ती म्हणाली. "मले जांभयं. नखभर काठाचं, मऊ. चौकडी नोको, फुलं नोको, जर नोको. दोन आना आन मंग दोन वर्सं काई आनू नोका. रंगूले तिचं हिर्वं आना."

जानराव बायकोकडं पाहतच राहिला. एवढ्या वर्षांत तिनं त्याला इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. गोमतीबाई आतून म्हणाली, "एका चुलीवर दोन रंग नाही म्हनलं ना मी."

"चूल फुटली तं मी लिपीन, आत्याबाई," सोजर म्हणाली.

दिवाळसणाला वच्छला पहिल्यांदा माहेरी आली. फाट्यावर मोटारीतून उतरून पुढं दमणीत. सोजर आणि रंगू दोघी वेशीपर्यंत सामोऱ्या गेल्या होत्या. एक जांभळं नवं लुगडं, एक हिरवं. उन्हं पिवळी झाली होती आणि दमणी अजून ओढ्याच्या पलीकडं होती. तिथूनच पोरगी उभी राहिली, नवऱ्याचा खांदा धरून.

"माय!"

हाक सरळ आली, इकडंतिकडं न शोधता. मग वच्छला चालत्या गाडीतून उतरली आणि ओढ्याच्या दगडांवरून पळत निघाली.

सोजरनं आधी पोरीकडं पाहायचं, तर तिनं रंगूकडं पाहिलं. हाक तिनं ऐकली का, हे तिला आधी पाहायचं होतं. जन्माची खोड एका दिवाळीत जात नाही. रंगूनं ऐकली होती. ती पळत येणाऱ्या पोरीकडं पाहत होती आणि हातानं आपला हिरवा पदर ओढत होती, नीट असलेला पदर पुन्हा पुन्हा नीट करत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते दुसऱ्या कोणाला ओळखू आलं नसतं. सोजरनं ते तिथल्या तिथं ओळखलं. कितीतरी वर्षं रोज सकाळी ती ते आरशात पाहत आली होती.

पोरगी गळ्यात येऊन पडली. नव्या लुगड्याला नाक घासून म्हणाली, "जांभयं घेतलं ना मायबाई."

"घेतलं," सोजर म्हणाली. मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाय, काकूच्या गयात पड. वाट पाहून राह्यली ते सकायपासून."

असं म्हणून तिनं पोरीला सोडलं. पण लगेच नाही.